पणजीचा केतुबा आणि खबरदारीचे धर्मांतर

कुंडलिका

आमचे घराणे मूळचे रोह्याजवळच्या एका खेड्यातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजोबांच्या पिढीपासून आम्ही ठाण्यात आहोत. माझी थोरली भाची गेली सहा वर्षे अमेरिकेत राहते आणि तिचे लग्न तिथल्या एका ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ, अश्केनाझी (मूळच्या युरोपातल्या ज्यू) कुटुंबातील मुलाशी ठरले आहे. मुलाच्या घरची माणसे मायाळू आहेत, तक्रारीला जागा नाही. मात्र लग्न लावणाऱ्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, एक सूचना केली आहे आणि तिच्यावरून आमच्या घरात महिनाभर धड कोणी कोणाशी बोललेले नाही.

सूचना अशी, की लग्नाआधी भाचीने 'गियूर लेखुमरा' करून घ्यावा, म्हणजे संशयाला जागा उरू नये म्हणून केवळ खबरदारीखातर धर्मांतराचा विधी करावा. तिघांच्या बेथ दीनसमोर, म्हणजे धर्मन्यायालयासमोर उभे राहायचे, मिकवेच्या, म्हणजे विधीच्या स्नानकुंडाच्या, पाण्यात डोके बुडेपर्यंत बुडी घ्यायची आणि दाखला घेऊन घरी यायचे. 'तुम्ही ज्यू नाही असे आम्ही म्हणत नाही,' असे त्यांनी दोनदा सांगितले.

माझ्या बहिणीचे म्हणणे असे, की अर्ध्या तासाचे काम आहे, मुलीचा संसार सुखाने सुरू होत असेल तर हट्ट कशाला करायचा. आमचे मामा १९६४ साली इस्रायलमधल्या बीरशेबात सुतारकाम करीत होते. आता नव्वदीकडे झुकले आहेत. त्यांचे उत्तर एका वाक्याचे आहे: "ती एकटी बुडत नाही, तिच्याबरोबर तिची आई, आजी आणि पणजी बुडतात."

लग्न करावे की मोडावे हा सल्ला मला नको आहे. मामांचे वाक्य केवळ भावनेचे आहे, की त्याला धर्मशास्त्राचा आणि इतिहासाचा आधार आहे, हे जाणकारांनी सांगावे.

दर्यासारंग

मामा तेव्हा बीरशेबात होते, म्हणजे त्यांना हे वाक्य पुस्तकातून सापडलेले नाही. ज्यांना १९६४चे बेने इस्राएलांचे आंदोलन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

इस्रायलची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि १९५०च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यू व्यक्तीला तिथे येऊन राहण्याचा हक्क मिळाला. कोकणातून आणि मुंबईतून काही हजार बेने इस्राएल गेले. नागरिक म्हणून त्यांना कोणी अडवले नाही. अडचण आली ती लग्नात, कारण त्या देशात नागरी विवाहाची सोय नाही आणि ज्यूंचे लग्न व घटस्फोट रब्बींच्या अखत्यारीत येतात. पन्नाशीच्या दशकात काही गावांतल्या रब्बींनी बेने इस्राएल वधूवरांची इतर ज्यूंशी लग्ने लावण्यास नकार दिला. १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने अशा लग्नांना सरसकट मनाई करण्यास आधार नाही असा निर्णय दिला, तेव्हा प्रकरण मिटले असे वाटले. परंतु १९६२च्या आरंभी मुख्य रब्बी इत्झाक निसीम यांच्या काळातच नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या, की बेने इस्राएल अर्जदार आला तर त्याची आई, आजी आणि त्यापलीकडच्या स्त्रिया ज्यू होत्या का, घराण्यात कोणाचा घटस्फोट वा पुनर्विवाह झाला होता का, हे जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन तपासावे आणि शंका उरल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे.

खटकण्याची जागा या चौकशीत समाजाचे नाव घातले होते, ही होती. पोलंडहून किंवा मोरोक्कोहून आलेल्या माणसाला ही प्रश्नावली त्याच्या समाजाच्या नावाने लागू नव्हती. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबे बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ज्यूइश एजन्सीच्या (ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणाऱ्या संस्थेच्या) आवारात ठिय्या देऊन बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटचे, म्हणजे इस्रायलच्या संसदेचे, खास अधिवेशन भरले, आणि पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असून इतर ज्यूंहून त्यांच्यात कोणताही फरक नाही, अशी भूमिका घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बीमंडळाने सूचनांमधून समाजाचे नाव काढून टाकले आणि 'ज्यांच्याविषयी शंका असेल असे कोणीही' अशी शब्दरचना केली.

(१९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी भारतात परत पाठवा म्हणून आंदोलन केले होते, ते वेगळे. त्याचे मूळ नोकरी, घर आणि रंगावरून मिळणारी वागणूक यांत होते. पुष्कळ लेखांत या दोन्ही गोष्टींची खिचडी केलेली दिसते.)

पोथीवाचक

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर मामांच्या वाक्यात भावनेपेक्षा तर्कच अधिक आहे.

हलाखा, म्हणजे रब्बींचे धर्मशास्त्र, दोन मार्ग मानते: ज्यू आईच्या पोटी जन्म किंवा रीतसर धर्मांतर. वडील ज्यू आणि आई अन्यधर्मीय असेल तर मूल ज्यू ठरत नाही. उलट असेल तर ठरते. त्यामुळे आज भाचीचे ज्यूपण तिच्या आईकडून आलेले आहे, आईचे आजीकडून. दाखला घेतल्यावर कागदोपत्री ते त्या दाखल्याच्या तारखेपासून सुरू होते. उद्या तिच्या धाकट्या बहिणीने त्याच पंथात लग्न ठरवले तर पहिला प्रश्न असा येईल, की सख्ख्या थोरल्या बहिणीला विधी करावा लागला, मग हिला का नको? खबरदारी एकीपुरती राहत नाही.

साठीच्या दशकातील वादात एक विचित्र गुंता होता, तो फारसा कोणी सांगत नाही. रब्बींच्या शंका दोन होत्या आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालीत होत्या. पहिली शंका अशी, की मध्यंतरी अन्यधर्मीय स्त्रिया घराण्यात आल्या असतील, तर हे लोक ज्यूच नसतील. दुसरी अशी, की ते ज्यू आहेत, परंतु शेकडो वर्षे रब्बींच्या संपर्काबाहेर असल्यामुळे एखाद्या विवाहितेने 'गेट', म्हणजे धार्मिक सोडचिठ्ठी, न घेता दुसरे लग्न केले असेल, आणि तसे असल्यास त्या संबंधाची संतती 'मामझेर' ठरते व पिढ्यान्‌पिढ्या इतर ज्यूंशी लग्न करू शकत नाही. आता पाहा, पहिल्या शंकेवर धर्मांतर हा उपाय आहे. दुसरीवर मुळीच नाही, कारण जो ज्यूच आहे त्याचे धर्मांतर करून त्याच्यावरचा डाग शास्त्राने पुसला जात नाही. माणूस परका असेल तर धर्मांतराने शुद्ध, आणि आपला असेल तर कायमचा अडकलेला. बेने इस्राएलांनी यांतली कोणतीही सोय स्वीकारली असती, तरी स्वतःविरुद्ध कबुलीजबाब दिल्यासारखे झाले असते.

दुसऱ्या शंकेला समाजाने दिलेले उत्तर कोकणी माणसाला लगेच पटेल. आमच्याकडे घटस्फोट जवळजवळ नव्हतेच आणि शेजारच्या उच्चवर्णीयांप्रमाणे विधवाविवाहही होत नसत, त्यामुळे गेटविना पुनर्विवाहाचा प्रसंग येणार कुठून, असे ते उत्तर होते. शेजाऱ्यांची एरवी निंद्य मानली जाणारी रूढी इथे वंशाच्या निर्मळतेचा पुरावा म्हणून कामी आली.

कुंडलिका, एक व्यवहाराचा प्रश्न. मुलाचे घराणे कोहेन, म्हणजे पुरोहितवंशाचे तर नाही ना? कोहेनाला धर्मांतरित स्त्रीशी लग्न करता येत नाही. तसे असेल तर खबरदारीचा हा विधीच नवा घोळ निर्माण करील.

कुंडलिका

नाहीत. हा प्रश्न मामांनी पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि उत्तर 'नाही' आल्यावर ते किंचित हिरमुसले.

पोह्यांचा_चाहता

मी अलिबागचा, धर्माने हिंदू. आमच्या लहानपणी गावात 'शनवार तेली' हा शब्द सर्रास ऐकू येई. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, एवढेच आम्हाला ठाऊक. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, तर सगळे 'मशीद'च म्हणत. प्रश्न कदाचित बाळबोध असेल, पण लोकांना शतकानुशतके हिब्रू वाचता येत नव्हते, रब्बी नव्हते, तर ते ज्यू आहेत हे ठरले कशावरून? आणि आमच्याकडे तर गोत्र, आडनाव, घर, सगळे बापाकडून येते. मग आईकडून चालणारा धर्म बापाच्या गावाचे आडनाव लावून कसा टिकला?

कुंडलिका

प्रश्न बाळबोध नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते तिथेच पुरली, ही आमची मूळकथा आपण ऐकली असेलच. पोथ्या बुडाल्या. उरले ते तोंडपाठ होते ते आणि अंगवळणी पडलेले ते: आठव्या दिवशी सुंता, शनिवारी काम नाही, खवले आणि पर नसलेले मासे वर्ज्य, आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना. सणांची नावे पार मराठी झाली होती. नववर्षाला 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या योम किप्पूरला 'दारफाळणीचा सण', आणि मंदिराच्या विध्वंसाच्या दिवशी वालाचे बिरडे करायचे म्हणून तो 'बिरड्याचा सण'. विध्वंस कोणत्या मंदिराचा हे माझ्या खापरपणजीला सांगता आले असते की नाही, शंकाच आहे. बिरडे मात्र चुकले नसते.

दाविद रहाबी नावाचा विद्वान कोकणात आला तेव्हा त्याने परीक्षा पाहिली ती स्त्रियांची. निरनिराळे मासे एकत्र करून त्यांच्यापुढे ठेवले, आणि त्यांनी खवल्यांचे मासे बाजूला काढून बाकीचे परत केले. तेव्हा त्याची खात्री पटली, अशी आमची परंपरा सांगते. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून काझी केले. आडनावे पुरुषांच्या गावांची. पण परीक्षा झाली चुलीपाशी. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर माझ्याजवळ नाही.

प्रमाणप्रेमी

मासे वेगळे करणाऱ्या स्त्रियांची कथा सुंदर आहे. तथापि या विषयावर आता प्रयोगशाळेचाही पुरावा उपलब्ध आहे आणि तो टाळून चर्चा करणे योग्य होणार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास करण्यात आला. त्यांच्यात मध्यपूर्वेतील ज्यू वंशाचा अंश निश्चित आढळला आणि स्थानिक भारतीय अंशही मोठा आढळला. हे दोन प्रवाह मिसळण्याचा काळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांमागचा निघाला. यांतील महत्त्वाची बाब अशी, की ज्यू अंश प्रामुख्याने पुरुषांकडून आणि भारतीय अंश प्रामुख्याने स्त्रियांकडून आलेला दिसतो. सरळ भाषेत सांगायचे तर परदेशी ज्यू पुरुषांनी कोकणातील स्त्रियांशी लग्ने केली. मग आईकडून चालणाऱ्या शास्त्राच्या कसोटीवर त्या रब्बींची शंका चूक कशी म्हणायची?

पोथीवाचक

संशोधनाविषयी वाद नाही. वाद त्यावरून काढलेल्या निष्कर्षाविषयी आहे. प्रयोगशाळा एवढेच सांगते, की त्या आदिमाता कोकणातल्या होत्या. त्या ज्यू होत्या की नव्हत्या हे कोणत्याही रक्ताच्या थेंबात लिहिलेले नसते, कारण धर्मांतर केलेली स्त्री शास्त्राने संपूर्ण ज्यू असते आणि तिची लेक जन्माने ज्यू. बायबलमधली मवाबी रूथ ही परकी होती. दाविद राजा तिचाच पणतू. युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या मातृवंशाबद्दलही संशोधकांत असाच वाद आहे, आणि त्यातला एक पक्ष त्यांच्या बहुतेक आदिमाता युरोपातल्याच मानतो. तरी त्या आधाराने कोणी नवरदेवाच्या आईला मिकवेची वाट दाखवीत नाही.

मग शास्त्र इतक्या मागचा निर्णय करते कशावर? 'हजाका'वर. या शब्दाला आपल्या महसुली मराठीत तंतोतंत प्रतिशब्द आहे: वहिवाट. तल्मूद या रब्बींच्या धर्मग्रंथात जमिनीच्या संदर्भातही हाच शब्द येतो. तीन वर्षे विनातक्रार जमीन कसली असेल आणि ती आपण घेतल्याचे कसणारा सांगत असेल, तर मूळ खरेदीखत दाखवण्याची सक्ती त्याच्यावर राहत नाही. कुटुंबांविषयीही तोच न्याय आहे. सर्व कुटुंबे निर्दोष मानावीत. दोष आहे असे म्हणणाऱ्याने तो सिद्ध करावा. दोन हजार वर्षांचा सातबारा कोणाजवळच नाही. युरोपातल्या विल्नाच्या रब्बींच्या घराण्याजवळही नाही. त्यांचे वहिवाटीवर भागते आणि कोकणातल्या माणसाकडे उतारा मागितला जातो, ही खरी तक्रार आहे. खबरदारीचा विधी स्वीकारणे म्हणजे आपली वहिवाट आपण होऊन सोडल्याचे लिहून देणे. मामा बुडण्याची भाषा करतात ती याच अर्थाने.

तिरकस_शाई

सगळ्यांचे वाचून झाल्यावर एक कडू गोळी देतो. 'संशय' हे हत्यार फक्त परदेशी रब्बींच्या हातात होते असे समजू नये. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होतेच ना? काळे म्हणजे इस्राएल पुरुष आणि अन्य समाजातील स्त्री यांच्या संबंधातून आलेली प्रजा, असे गोरे सांगत. धर्म तोच, शनिवार तोच, प्रार्थना तीच, पण सोयरीक नाही. जातीने वेढलेल्या कोकणात दुसरे काय होणार, असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. जी शंका गोऱ्यांनी काळ्यांविषयी पिढ्यान्‌पिढ्या जपली, नेमकी तीच १९६२ मध्ये त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

आणि मधली पायरी बगदादी, म्हणजे इराकच्या बाजूने भारतात आलेल्या, ज्यूंची. त्यांनी मुंबईत १८३६ मध्येच दफनभूमीत बेने इस्राएलांपासून वेगळे करणारी भिंत मागितली होती. रंगूनच्या सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्राएलांना मत असावे की नाही यावरून प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. प्रत्येकाला आपल्याखाली एक संशयित लागतो.

कुंडलिका

हे वाचून दोन दिवस उत्तर दिले नाही. आपण लिहिले ते खरे आहे. माझ्या आजीच्या तोंडी 'काळा इस्राएल' हा शब्द मी स्वतः ऐकला आहे, आणि तो वर्णाविषयी नव्हता हे कळण्याइतकी मी तेव्हा मोठी होते. मामांना आपला प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "जेरुसलेमला आमच्याबरोबर ठिय्यावर त्यांच्यातलेही होते. तिथे कोणी विचारले नाही." नंतर चहा मागितला.

लुंगलेईहून

नोकरीनिमित्त काही वर्षे मिझोराममध्ये काढली, म्हणून एक तुलना मांडतो. मिझोराम-मणिपूरमधील बने मनाशे समाज स्वतःला इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी मनश्शे वंशाचा मानतो. २००५ मध्ये मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांना इस्राएलचे वंशज म्हणून मान्यता दिली, पण पूर्ण धर्मांतराच्या अटीवर. ते विधी भारतात करण्यास आपल्या सरकारने हरकत घेतल्यावर पुढे इस्रायलमध्येच होऊ लागले. मी पाहिलेल्या कुटुंबांना त्यात अपमान वाटत नव्हता. त्यांचे आजोबा ख्रिस्ती होते हे ती स्वतःच सांगत. त्यांच्यासाठी धर्मांतर ही घरी परतण्याची पायरी होती. सोडण्यासारखी वहिवाटच नव्हती.

इथिओपियातील बेटा इस्राएलांची गोष्ट बेने इस्राएलांच्या जवळची आहे. १९७३ मध्ये रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना ज्यू म्हणून मान्यता दिली; तरीही इस्रायलमध्ये आल्यावर मिकवेचे स्नान आणि सुरुवातीला पुरुषांच्या बाबतीत थेंबभर रक्त काढण्याचा विधी मागितला गेला. ज्यूपण जपण्यासाठी मार खाल्लेल्या माणसांना ते असह्य झाले, आणि १९८५ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये मुख्य रब्बीमंडळासमोर सुमारे महिनाभर धरणे धरले. विधी तोच, पाणी तेच; एकासाठी दार, दुसऱ्यासाठी थप्पड.

प्रमाणप्रेमी

मातृवंशाविषयीचा माझा निष्कर्ष घाईचा होता, हे मान्य. मात्र भाचीपुढचा प्रश्न शिल्लक राहतो. इस्रायलच्या कायद्याने १९७०च्या दुरुस्तीनंतर ज्यू आजोबा-आजींच्या नातवंडांनाही परतीचा हक्क दिला आहे, पण रब्बींपुढे तो कामाचा नाही, आणि अमेरिकेतील एखाद्या रब्बीवर क्नेसेटचा ठरावही बंधनकारक नाही. त्यांना वहिवाट पटवायची तर ती दाखवायची कशी?

दर्यासारंग

आईच्या आईचा केतुबा शोधा. लग्नाचा करारनामा दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी असतो, आणि कोकणातल्या घरांत तो बहुधा ट्रंकेच्या तळाशी, जमिनीच्या कागदांबरोबर सापडतो. बरोबर सिनेगॉगच्या मुकादमांचे (प्रमुखांचे) पत्र आणि कबरस्तानातील मातृवंशाच्या कबरींची छायाचित्रे जोडा. रब्बींना धर्मांतर सुचवण्यापूर्वी हे मागता आले असते. त्यांनी मागितले नसेल तर आपण द्यावे.

कुंडलिका

केतुबा सापडला. ट्रंकेत नव्हता, आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकाला घातलेल्या कव्हराच्या आत घडी करून ठेवला होता. माझ्या आईच्या आईचा, म्हणजे भाचीच्या पणजीचा, पनवेलचा. वर्ष सृष्टीच्या आरंभापासूनचे ५६८९, म्हणजे १९२८-२९. मजकूर हिब्रू अक्षरांत आहे आणि घडीवर चिरला आहे, पण वाचता येतो.

भाचीने रब्बींना कळवले आहे, की विधीचा विचार करण्यापूर्वी त्यांनी हा कागद पाहावा, आणि तिच्या आईचा व आजीचा केतुबाही ती पाठवीत आहे. रब्बींनी पाहतो म्हटले आहे, आणि साक्षीदार कोण होते, ते शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिवस, पाळणारे होते का, असे विचारले आहे. हा प्रश्न ते कोणालाही विचारतात असे मुलाच्या आईने सांगितले. मामांना ते पटलेले नाही, पण पत्राचा मराठी मसुदा तेच सांगत आहेत आणि मी लिहून घेते आहे.

आता मदत हवी आहे. पहिल्या साक्षीदाराची सही बाळबोधीत आहे, ते आजोबांचे चुलते. दुसरी मोडीत आहे आणि आमच्या घरात मोडी कोणालाच येत नाही. छायाचित्र खाली जोडले आहे.

पोथीवाचक

माझी मोडी कच्ची आहे, तरी पाहिले. शेवटी 'कर' आहे याबद्दल शंका नाही, आणि त्याआधीचे पहिले अक्षर 'झि' असावे. मधला भाग नेमका घडीवर आला आहे. कागद काचेखाली सपाट ठेवून सकाळच्या उजेडात पुन्हा एकदा छायाचित्र काढावे, आणि घडी बोटाने दाबू नये.